विश्लेषण : रेकॉर्ड केलेला लेहरा समेवर ‘टक्’ का करतो? घरच्या घरी बिनसांध्याचा लूप कसा तयार करावा?

तबल्याचा रियाज करायचा आहे, पण लेहरा धरायला हार्मोनियमवाला नाही. वसई-विरार पट्ट्यात ही अडचण नेहमीची आहे. चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल नायगाव, वसई रोड, नालासोपारा करत रिकामी होईपर्यंत रात्र झालेली असते. त्या वेळी साथीला कोणाला बोलावणार? मग एकदाच लेहरा रेकॉर्ड केला जातो, सॉफ्टवेअरमध्ये ‘रिपीट’वर टाकला जातो आणि वाजवणारा डग्ग्यावर हात ठेवतो.

पहिले आवर्तन ठीक जाते. दुसऱ्याच्या तोंडाशी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला सम जरा पुढे सरकल्यासारखी वाटते. दहा मिनिटांनी हात लयीवर नाही, तर त्या ‘टक्’वर चालू लागतो. रियाज बिघडवणारी सवय अशीच लागते.

हीच तक्रार चर्चमधील गायनवृंदासाठी कीबोर्डचा ठेका तयार करणाऱ्यांची, कोळीगीतांना बेंजोची धून जोडणाऱ्यांची आणि गणेशोत्सवासाठी ट्रॅक बनवणाऱ्यांचीही असते. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात बिघाड होतो तो रेकॉर्डिंग करताना आणि कापताना. तो का होतो आणि मोफत साधनांनी कसा टाळता येतो, ते पाहू.

लूप म्हणजे नेमके काय?

रेकॉर्ड केलेला सुरांचा किंवा ठेक्याचा छोटा तुकडा न थांबता पुन्हा पुन्हा वाजवणे म्हणजे लूप. शब्द इंग्रजी असला तरी कल्पना आपल्याकडे जुनी आहे. एकल तबलावादनात किंवा कथकमध्ये हार्मोनियमवर वा सारंगीवर वाजणारा लेहरा म्हणजे माणसाने वाजवलेला लूपच. तीनतालात सोळा मात्रांची एकच धून फिरत राहते, तबलजी तिच्यावर कायदे, रेले, तुकडे वाजवतो आणि समेवर परत येतो.

या लेहऱ्याचा सांधा ऐकणाऱ्याला कधीच सापडत नाही. सोळाव्या मात्रेचा सूर पूर्ण विझण्याआधीच पहिल्या मात्रेचा सूर लागलेला असतो. आवर्तन संपणे आणि सुरू होणे या दोन वेगळ्या घटना नसतात. रेकॉर्ड केलेल्या लूपमध्ये नेमकी हीच गोष्ट हरवते.

लूपची सुरुवात कुठून झाली?

पॅरिसमधील फ्रेंच रेडिओवर काम करणारे अभियंता पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये तबकडीवर बंद खाचा कोरून आवाजाचे तुकडे फिरते ठेवले. त्यांची या प्रकारातली पहिली रचना चक्क रेल्वेच्या आवाजांची होती. लोकलच्या खडखडाटात राहणाऱ्यांना ते ऐकून नवल वाटणार नाही.

पुढे तबकडीची जागा टेपने घेतली. १९७७ मध्ये बी जीज या गटाचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे गाणे फ्रान्समध्ये रेकॉर्ड होत असताना ड्रमवादकाला कौटुंबिक कारणाने जावे लागले. तंत्रज्ञांनी त्याच गटाच्या ‘नाइट फिव्हर’ या गाण्यातील ड्रमचा दोन मापांचा तुकडा घेतला, टेपची दोन टोके जोडली आणि तो तुकडा गाणेभर फिरवला. श्रेयनामावलीत वादक म्हणून ‘बर्नार्ड लूप’ असे विनोदी नाव टाकण्यात आले. असा कोणी वादक नव्हताच!

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची ताल आणि बेसची यंत्रे वापरून दहा रागांचा अल्बम केला. यंत्राचा फिरता ठेका आणि त्यावर राग अशी त्याची रचना होती. तेव्हा तो फारसा चालला नाही. काही दशकांनी मात्र जगभरातल्या नृत्यसंगीताच्या चाहत्यांनी तो शोधून काढला.

१९९७ मध्ये आलेले ‘फ्रूटी लूप्स’, म्हणजे आजचे ‘एफएल स्टुडिओ’, आणि १९९८ मधील ‘ॲसिड’ यांनी हे काम घरातल्या संगणकावर आणले. कात्री आणि चिकटपट्टीची जागा माऊसने घेतली. सांध्याचा प्रश्न मात्र तोच राहिला.

‘टक्’ आवाज कुठून येतो?

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाचा चढउतार. सॉफ्टवेअरमध्ये तो मधल्या रेषेच्या वर-खाली जाणाऱ्या लाटेसारखा दिसतो. स्पीकरचा पडदा या लाटेप्रमाणे पुढे-मागे हलतो.

आता समजा, लूपचा शेवट लाट वर असताना कापला गेला आणि लूपची सुरुवात लाट खाली असताना होते. शेवटाकडून सुरुवातीकडे येताना पडद्याला क्षणार्धात वरून खाली उडी मारावी लागते. या उडीचा आवाज म्हणजे ‘टक्’. तो वाद्याचा नसतो, खोलीतला नसतो, मूळ रेकॉर्डिंगमध्येही नसतो. तो कापण्यातून जन्मतो. म्हणूनच तुकडा एकदा वाजवला की ऐकू येत नाही आणि फिरवला की दर वेळी येतो.

हार्मोनियम, बासरी, तानपुरा अशा सलग सुरांच्या वाद्यांत तो लगेच उघडा पडतो. तबल्याच्या जोरदार बोलाखाली कधी कधी लपतो, पण हेडफोन लावला की सापडतोच.

लूपची लांबी किती असावी?

हा प्रश्न कानाने नाही, गणिताने सोडवायचा. सूत्र सोपे आहे : मात्रांची संख्या गुणिले ६०, भागिले लय. लय म्हणजे एका मिनिटात पडणाऱ्या मात्रा. सॉफ्टवेअरमध्ये ती ‘बीपीएम’ या नावाने दिसते.

तीनताल, १६ मात्रा, लय १२०. म्हणजे १६ × ६० ÷ १२० = ८ सेकंद. दादरा, ६ मात्रा, लय ९० असेल तर ४ सेकंद. केरवा, ८ मात्रा, लय ९६ असेल तर ५ सेकंद.

संगणक आवाज सलग साठवत नाही. तो सेकंदाला ठरावीक वेळा लाटेची उंची मोजून ठेवतो. या प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, व्हिडीओसाठी बहुधा ४८,०००. आपल्या ८ सेकंदांच्या तीनतालाचे सीडीच्या दराने ३,५२,८०० सॅम्पल होतात. लूप इतक्याच लांबीचा हवा, कमी नाही आणि जास्तही नाही.

थोड्याशा चुकीने काय बिघडते? समजा, लूप फक्त २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, लांब झाला. एका आवर्तनात ते कळणार नाही. पण ही चूक दर आवर्तनाला साठत जाते. २५ आवर्तनांनी ती अर्धा सेकंद होते. १२० च्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे पूर्ण एक मात्रा. ३ मिनिटे २० सेकंदांत, म्हणजे एका गाण्याच्या वेळात, लेहरा बाकीच्या ट्रॅकपेक्षा एक मात्रा मागे पडलेला असतो.

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये याच घसरणीचा उपयोग करून घेतला. एकाच वाक्याचे दोन टेप-लूप एकत्र सुरू केले, ते हळूहळू एकमेकांपासून सरकू दिले आणि त्या सरकण्यातूनच रचना केली. तिथे ते हवे होते. रियाजात नको असते.

मेट्रोनोम न लावता वाजवलेले असेल तर हिशेब उलटा करावा. पहिल्या समेपासून पुढच्या समेपर्यंतचा वेळ मोजा. तो ८.२१ सेकंद आला, तर १६ × ६० ÷ ८.२१ म्हणजे लय सुमारे ११६.९३. प्रोजेक्टची लय तीच ठेवली की रेषा आणि वादन जुळते. वादन ओढूनताणून १२० वर आणण्यापेक्षा हे बरे. सूर ताणला की त्याचा पोत बिघडतो.

मधलेच आवर्तन का उचलावे?

बिनसांध्याच्या लूपचे खरे उत्तर इथे आहे. लूप एक आवर्तनाचा हवा असला, तरी रेकॉर्ड करताना किमान तीन आवर्तने सलग वाजवावीत आणि मधले कापून घ्यावे.

कारण असे. पहिले आवर्तन शांततेतून सुरू होते. त्याच्या समेखाली मागच्या सुराची आस नसते. शेवटचे आवर्तन शांततेत संपते. वाजवणारा तिथे नकळत सैल पडतो, भाता मंदावतो, हात थांबण्याच्या तयारीत असतो. मधल्या आवर्तनाला दोन्ही बाजूंनी संगीत असते. त्याच्या सुरुवातीला आधीच्या सोळाव्या मात्रेची गुंज असते आणि त्याचा शेवट पुढच्या समेकडे झुकलेला असतो. असा तुकडा फिरवला की शेवटाला सुरुवात ओळखीची वाटते.

बहुतेक जण नेमके उलटे करतात. एकच आवर्तन वाजवतात, दोन्ही टोकांची शांतता छाटतात आणि लूप लावतात. मग समेवर आवाज अचानक कोरडा होतो. डग्ग्याची घुमक, घंटेचा नाद, खोलीतला प्रतिध्वनी असे सारे कापल्या जागी तुटते. सॉफ्टवेअरमधले कोणतेही बटण रेकॉर्डच न झालेली गुंज परत आणू शकत नाही.

एकच आवर्तन हाताशी असेल आणि वादक परत भेटणार नसेल, तर एक उपाय उरतो. शेवटच्या मात्रेनंतर विझत जाणारा आवाज कापून टाकू नये. तो वेगळा करून दुसऱ्या ट्रॅकवर लूपच्या सुरुवातीखाली ठेवावा आणि दोन्ही एकत्र करून नवी फाइल करावी. गुंज पुढच्या समेखाली जाऊन बसते.

प्रतिध्वनीचा इफेक्ट द्यायचा असेल तर तो कापलेल्या तुकड्यावर न देता पूर्ण ट्रॅकवर द्यावा. तुकड्यातच हवा असेल तर दोन आवर्तने इफेक्टसह काढावीत आणि दुसरे घ्यावे. तत्त्व तेच.

तारप्याचा आणि लूपचा काय संबंध?

पालघर जिल्ह्यात हे तत्त्व समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. वारली समाजाचा तारपा हे दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून केलेले सुषिर वाद्य. जव्हार, डहाणू, विक्रमगडच्या पाड्यांवर तारपावादक मध्ये उभा राहतो आणि एकमेकांना धरलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती फिरते. वारली चित्रांत दिसणारा गोलाकार फेर तो हाच.

हा नाच बराच वेळ चालतो आणि तारप्याचा आवाज तुटत नाही. वादक गालांत हवा साठवतो, ती वाद्यात ढकलत असतानाच नाकाने श्वास आत घेतो. श्वास संपण्याआधी पुढचा श्वास तयार असतो. दोन श्वासांचा सांधा एकमेकांवर चढलेला असल्यामुळे तो ऐकू येत नाही.

संगणकावर मधले आवर्तन उचलणे आणि टोके एकमेकांवर चढवणे म्हणजे हेच. फरक इतकाच, की तारपावादक नाचणाऱ्यांचे पाय पाहून धून बदलतो. लूपला ते जमत नाही.

कापायचे नेमके कुठे?

पहिला नियम : लाट मधल्या रेषेला छेदते तिथे. या जागेला ‘झीरो क्रॉसिंग’ म्हणतात. तिथे लाटेची उंची शून्य असते, त्यामुळे उडी मारावी लागत नाही. ऑडॅसिटीत भाग निवडून ‘झेड’ हे बटण दाबले की निवडीची दोन्ही टोके जवळच्या अशा जागेवर सरकतात. सरकल्यानंतर लांबी पुन्हा तपासावी, कारण काही सॅम्पलचा फरक पडतो. दोन्ही टोकांशी लाट एकाच दिशेने जात असेल, म्हणजे दोन्हीकडे वर किंवा दोन्हीकडे खाली, तर सांधा आणखी चांगला जुळतो.

दुसरा नियम : समेचा आघात कापू नये. माणूस अगदी रेषेवर वाजवत नाही. समेचा ‘धा’ रेषेच्या १५-२० मिलिसेकंद आधी पडलेला असू शकतो. रेषेवर कापले तर आघाताचा कोंभच जातो आणि बोल बोथट होतो. अशा वेळी सुरुवात २० मिलिसेकंद मागे घ्यावी आणि शेवटही तेवढाच मागे घ्यावा. लांबी तीच राहते, आघात वाचतो.

तिसरा नियम : उरलेला खरखरीतपणा क्रॉसफेडने घालवावा. क्रॉसफेड म्हणजे एक आवाज मावळत असताना दुसरा उगवणे. यासाठी शेवटाच्या पुढचा थोडा आवाज शिल्लक असावा लागतो, म्हणजे पुन्हा तीन आवर्तनांचा मुद्दा आलाच. ठेक्यासाठी ५ ते १० मिलिसेकंद पुरतात. त्याहून लांब केले तर आघात दुहेरी ऐकू येऊ शकतो.

क्रॉसफेडच्या जागी आवाज किंचित बसल्यासारखा वाटला तर ‘इक्वल पॉवर’ हा प्रकार निवडावा. फुगल्यासारखा वाटला तर ‘लीनिअर’.

तानपुऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याला मात्रा नसतात, पण तारा छेडण्याचा क्रम असतो. पंचम, जोड, जोड, खर्ज हा क्रम पूर्ण झाल्यावर पुढच्या पंचमाच्या अगदी आधी कापावे. मधेच लांब क्रॉसफेड केला तर एकाच सुराच्या दोन लाटा एकमेकींना खातात आणि जवारी पोकळ वाटते.

एमपी३ केल्यावर लूप का बिघडतो?

सॉफ्टवेअरमध्ये उत्तम चाललेला लूप एमपी३ करून फोनवर टाकला की पुन्हा अडखळतो. ही तक्रार अगदी सर्रास ऐकू येते.

एमपी३ हा प्रकार आवाज १,१५२ सॅम्पलच्या ठोकळ्यांत बांधतो. आपल्या ३,५२,८०० सॅम्पलला १,१५२ ने भागले तर ३०६.२५ येतात. पाव ठोकळा साठवता येत नाही, म्हणून ३०७ वा ठोकळा पूर्ण करण्यासाठी रिकामी जागा भरली जाते. त्यातच ८६४ सॅम्पल, म्हणजे सुमारे २० मिलिसेकंदांची शांतता येते. शिवाय एन्कोडर सुरुवातीलाही थोडी शांतता जोडतो. काही प्लेअर ती वगळतात, बरेचसे वगळत नाहीत.

उपाय एकच : लूप ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवावा. आठ सेकंदांची स्टीरिओ वेव्ह फाइल दीड एमबीच्या आतच बसते. जागेची काळजी करण्याचे कारण नाही. व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवायची असेल तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. एमपी३च हवी असेल तर लूप अर्धा तास फिरवून त्याची एक लांब फाइल करावी. सांधे फाइलच्या आत राहतात आणि सुरक्षित असतात.

घरातल्या आवाजाचे काय करावे?

साध्या रेकॉर्डिंगमध्ये बाहेर वाजलेला एक हॉर्न चालून जातो. लूपमध्ये तो दर आठ सेकंदांनी वाजतो. तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला संगीत नाही, हॉर्नच ऐकू येतो. रुळांलगतच्या इमारतींत, खाली रिक्षा स्टँड असलेल्या चाळींत हे फार महत्त्वाचे.

म्हणून तीनऐवजी आठ-दहा आवर्तने वाजवावीत आणि त्यांतले स्वच्छ निवडावे. पंखा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तर बंद किंवा एक तर सुरू ठेवावा. मधेच बदल झाला की सांध्यावर पार्श्वभूमीचा आवाज उडी मारतो. दारे-खिडक्या लावून, गाद्या-गोधड्या भिंतीला टेकवून ठेवल्या तरी खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

ब्लूटूथ इअरफोन लावून रेकॉर्ड करू नये. त्यातून आवाज उशिरा पोहोचतो. ऐकणारा त्या उशिरा आलेल्या मेट्रोनोमवर वाजवतो आणि सारे रेकॉर्डिंग मागे पडते. वायरचा साधा इअरफोन इथे महागड्या ब्लूटूथपेक्षा सरस ठरतो.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

संगणक असेल तर ऑडॅसिटी पुरेसे आहे. २००० साली आलेले हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. निवडलेल्या भागाची लांबी सॅम्पलमध्ये दाखवण्याची सोय त्यात आहे, ती सुरू करून घ्यावी. ‘एल’ दाबले की निवडलेला भाग फिरू लागतो.

फक्त फोन असेल तर बँडलॅब. ते अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर अशा तिन्ही ठिकाणी चालते आणि मूलभूत रेकॉर्डिंग मोफत आहे. ॲपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड मोफत मिळते. पुढे जायचे असेल तर रीपर हे ६० दिवस वापरून पाहता येते. त्यात रेकॉर्ड केलेल्या तुकड्याची कड ओढली की तो आपोआप पुन्हा पुन्हा वाजतो.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, तपासणी एकच. लूप लावावा, डोळे मिटावेत आणि वीस आवर्तने ऐकावीत. सम हाताने मोजता आली आणि सांधा सापडला नाही, तर लूप झाला. स्क्रीनकडे पाहत ऐकले तर डोळा सांधा दाखवतो आणि कान तो ऐकल्याची कल्पना करतो.

दुसऱ्याचा तुकडा वापरला तर चालतो का?

रियाजापुरता स्वतः वाजवलेला लूप हा प्रश्न आणत नाही. चित्रपटगीतातून ढोलकीचा तुकडा उचलून गाणे प्रसिद्ध केले तर प्रश्न येतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. ‘फक्त चार सेकंद घेतले’ म्हणून आपोआप सूट मिळते, हा गैरसमज आहे.

गॅरेजबँडमधले तयार लूप स्वतःच्या गाण्यात वापरता येतात, पण सुटे लूप म्हणून विकता येत नाहीत. तेच तुकडे जगभर हजारो जण वापरत असल्याने यूट्यूबची यंत्रणा कधी कधी दुसऱ्याचेच गाणे समजून दावा लावते. स्वतः रेकॉर्ड केलेल्या लूपचा हाही एक फायदा.

कायद्यापलीकडचीही एक बाब आहे. पाड्यावरच्या तारप्याचा, लग्नातल्या बँडचा किंवा शेजारच्या बेंजोवाल्याचा तुकडा रेकॉर्ड करून ट्रॅकमध्ये घालायचा असेल, तर आधी विचारावे, मानधन ठरवावे आणि नाव द्यावे. पाच मिनिटांचे वादन लूपमधून वर्षानुवर्षे वाजत राहते. ज्याने वाजवले त्याला ते माहीत असायला हवे.

लूपने साथीदाराची गरज संपते का?

संपत नाही. तबलजीने लय वाढवली की लेहरा धरणारा त्याच्याबरोबर चढतो. तिहाई येणार हे ओळखून तो समेला थोडे वजन देतो. वादक चुकला तर त्याला सावरून घेतो. लूप यातले काहीच करत नाही. तो १२० वर आहे, तर १२० वरच राहतो.

त्याचा उपयोगही तिथेच आहे. एकट्याने, रात्री उशिरा, आवाज हळू ठेवून, एकच कायदा शंभर वेळा घोटायचा असेल तेव्हा न थकणारा आणि न डळमळणारा लेहरा लागतो. त्यासाठी स्टुडिओचे तास घ्यावे लागत नाहीत, अंधेरीपर्यंत जावे लागत नाही. एका सुट्टीच्या दिवशी हार्मोनियमवाल्याला घरी बोलवावे, त्याच्याकडून वेगवेगळ्या लयींत दहा-दहा आवर्तने वाजवून घ्यावीत, त्याचे मानधन द्यावे आणि प्रत्येक लयीतले मधले स्वच्छ आवर्तन जपून ठेवावे. पुढचे वर्षभर रियाजाला लेहरा आहे.

फक्त तो पोहोचण्याआधी दोन गोष्टी तपासून ठेवाव्यात : फोन फ्लाइट मोडवर आहे ना, आणि रेकॉर्डिंग वेव्हमध्ये होत आहे ना.